परक्या वाड्यातील मुक्काम

बेंगळुरूच्या जुन्या शहरात दोड्डपेटे आणि चिक्कपेटे हे दोन रस्ते जेथे एकमेकांना छेदतात, त्या चौकाविषयी एक कथा तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. येलहंक नाडाचा प्रभू केंपेगौडा याने १५३७ च्या सुमारास नवे नगर वसवावयाचे ठरविले, तेव्हा या जागी नांगराला जुंपलेल्या बैलांच्या चार जोड्या उभ्या केल्या आणि त्या चार दिशांना हाकल्या. नांगराचे तास जसजसे उमटत गेले तसतसे रस्ते आखले गेले, आणि बैल जेथे थांबले तेथे वेशी उभ्या राहिल्या. पुण्याच्या लोकांनीही नांगराची एक कथा जपली आहे. मात्र तिचा अर्थ अगदी उलटा. विजापूरचा सरदार मुरार जगदेव याने १६३० च्या सुमारास पुणे जाळले, कसब्याची तटबंदी पाडली, गावावरून गाढवांचा नांगर फिरविला आणि येथे पुन्हा वस्ती होऊ नये म्हणून पहार ठोकली. एका नांगराने नगर उभे केले आणि दुसऱ्याने उठविले. १६४० नंतर दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आपल्या आईबरोबर या दुसऱ्या गावाहून पहिल्या नगरात गेला, तेथे वडिलांच्या घरी राहिला, आणि बाराव्या वर्षी परतला. त्यानंतर ते कुटुंब एका छपराखाली नांदल्याचे इतिहासाला माहीत नाही.

मुलगा शिवाजीराजे, आई जिजाबाई आणि वडील शहाजीराजे भोसले. मराठी वाचकाला ही नावे इतकी परिचित आहेत, की या मुक्कामाकडे पाहताना त्याची दृष्टी पुढच्या घटनांवरच खिळलेली असते. स्वराज्याचा आरंभ पुण्यात झाला. तेव्हा बेंगळुरू हे केवळ निघण्याचे ठिकाण, असे मानून चरित्रकार दोन परिच्छेदांत तेथून निघतात. परंतु एका कुटुंबाचा इतिहास म्हणून पाहिले, तर हा अल्पसा काळ फार बोलका आहे. कुटुंबप्रमुख दूरदेशी वैभवाला पोचलेला, त्याला राहावयास एका जुन्या राजकुलाचा वाडा मिळालेला, थोरली पत्नी आणि धाकटा मुलगा लांबचा प्रवास करून तेथे आलेले, आणि तरीही त्या वाड्यात त्यांचे घर झाले नाही. का झाले नाही, याचे उत्तर भावनेपेक्षा त्या काळच्या जमीनधाऱ्याच्या व्यवहारात अधिक सापडते.

शहाजीराजे बेंगळुरूला पोचले ते एका पराभवाच्या वाटेने. निजामशाहीचा बालवारस मांडीवर घेऊन त्यांनी तीन वर्षे मोगलांशी झुंज दिली. मे १६३६ मध्ये शाहजहान आणि मुहम्मद आदिलशहा यांच्यात तह झाला व निजामशाहीचा मुलूख वाटून घेतला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस माहुलीच्या किल्ल्यावर शहाजीराजांना शस्त्र खाली ठेवावे लागले. त्यांनी आदिलशाहीची चाकरी पत्करली. पुणे आणि सुपे हे परगणे त्यांच्याकडे राहिले, पण स्वतः त्यांनी त्या मुलखात राहावे, हे मोगलांच्या सोयीचे नव्हते आणि विजापूरच्याही नव्हते. मोगल सरहद्दीला लागून असलेल्या डोंगरी प्रदेशात असा माणूस ठेवणे म्हणजे गंजीशेजारी निखारा ठेवणे होय. तेव्हा त्यांना दक्षिणेच्या मोहिमेवर धाडण्यात आले. सेनापती रणदुल्लाखान, आणि त्याच्या हाताखाली शहाजीराजे. १६३७ मध्ये इक्केरीच्या नायकांवर स्वारी झाली आणि १६३८ मध्ये बेंगळुरू पडले. १६३९ च्या आरंभी हीच फौज श्रीरंगपट्टणापर्यंत गेली. तेथे मात्र कंठीरव नरसराज वोडेयराने तिला माघारी लावले.

बेंगळुरूच्या केंपेगौडाने, म्हणजे संस्थापकाच्या त्याच नावाच्या वंशजाने, किल्ला सोडला आणि तो मागडीला राहावयास गेला. त्याचे राज्य बुडाले नाही, आकुंचन पावले. बेंगळुरू, कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर, शिरे हा मुलूख शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आला व बेंगळुरू हे त्यांचे मुख्य ठाणे झाले. मराठी कागदांत या गावाचे नाव 'बेंगरूळ' असे येते आणि संस्कृत 'शिवभारता'त ते 'बिंगरूळ' होते. परक्या नावातील अक्षरे अशी उलटीपालटी होऊन तोंडी रुळतात ती नित्याच्या वापराने. दूरच्या, केवळ ऐकीव गावाचे नाव सहसा असे घरगुती होत नाही.

जहागीर हा शब्द आज आपण वैभवाच्या अर्थाने वापरतो. सतराव्या शतकातील दख्खनेत त्याचा अर्थ फार मर्यादित होता. वतन ते वंशपरंपरेचे. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांचा गावावरचा हक्क राज्ये बदलली तरी सहसा बुडत नसे. मोकासा किंवा जहागीर ही मात्र चाकरीच्या मोबदल्यात दिलेली वसुलाची नेमणूक असे. इतके स्वार बाळगावे, बोलावणे येताच हजर व्हावे आणि त्यासाठी अमुक परगण्यांचा वसूल खावा, असा तो करार. बादशहाची मर्जी फिरली की फर्मान निघे आणि मोकासदार बदले. रयतेच्या दृष्टीने तर मोकासदार हा येणारा-जाणारा माणूस; देशमुख-पाटील हे कायमचे. शहाजीराजांनी निजामशाही, मोगल आणि आदिलशाही या तिन्ही दरबारांची चाकरी केली होती, आणि दिलेली जहागीर काढून घेतली जाण्याचा अनुभव त्यांना नवा नव्हता. बेंगळुरूचा वाडा त्यांना मिळाला तो याच करारान्वये. दुसऱ्याने बांधलेला आणि तिसऱ्याच्या मालकीचा असा तो वाडा होता. त्यात राहणाऱ्याच्या हाती होता तो फक्त वापर, आणि त्याचे भाडे तलवारीने चुकते करावयाचे होते.

हा वाडा म्हणजे 'गौरीमहाल', असे बेंगळुरूची परंपरा सांगते. त्याचा आज मागमूस नाही. शहर पाहावयास येणारे मराठी प्रवासी पुष्कळदा किल्ल्याजवळचा लाकडी खांबांचा आणि कमानींचा महाल पाहून हाच शहाजीराजांचा वाडा असावा अशी समजूत करून घेतात; पण तो महाल हैदरअलीने १७८१ मध्ये बांधावयास घेतला आणि टिपू सुलतानाने १७९१ मध्ये पुरा केला. जवळच्या किल्ल्याची दगडी तटबंदीही हैदराच्याच काळातील. शहाजीराजांनी पाहिलेला किल्ला मातीचा होता, भोवती खंदक आणि काटेरी झाडी होती. आत मात्र गजबजलेले नगर होते. केंपेगौडाने धंद्यांच्या पेठा वसविल्या होत्या, आणि त्यांची नावे आजही तीच आहेत: कापसाची अरळेपेटे, तांदळाची अक्कीपेटे, बांगड्यांची बळेपेटे, कुंभारांची कुंबारपेटे, तेल्यांची गाणिगरपेटे. पाण्यासाठी तळी खोदलेली होती. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरच्या या पठाराची हवा बारमाही सौम्य. वैशाखातल्या पुण्याहून निघालेल्या माणसाला ती सुखाचीच वाटली असेल. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त शहाजीराजांनी हे नगर जिंकून तेथे आनंदाने वास केल्याचे वर्णन आहे. काव्यातली नगरवर्णने ठरीव साच्याची असतात हे मान्य केले, तरी शहाजीराजांना हे ठिकाण मानवले होते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

मानवण्याजोगे त्यात पुष्कळ होते. विजापुराहून ते दूर होते. दरबाराचा डोळा असला तरी हात सहज पोचत नसे. त्यांच्या दरबाराचे चित्र जयराम पिंड्ये या कवीच्या 'राधामाधवविलासचंपू'त पाहावयास मिळते. हा कवी नाशिककडचा. आपल्याला बारा भाषांत काव्य करता येते हे सुचविण्यासाठी त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले, असे तो स्वतःच सांगतो. संस्कृत, प्राकृत, हिंदी, फारसी, कानडी अशा नाना भाषांतील कवी त्या सभेत समस्यापूर्ती करीत. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी हा ग्रंथ १९२२ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला, तेव्हा आदिलशाहीचा एक सरदार म्हणून परिचित असलेले शहाजीराजे एका रसिक, बहुभाषिक, जवळजवळ स्वतंत्र अशा राजसभेचे धनी म्हणून मराठी वाचकांपुढे आले. मात्र हे चित्र १६५० नंतरच्या दशकातले आहे. जिजाबाई आणि शिवाजीराजे तेथे होते तेव्हा ठाणे नुकतेच बसले होते, पाळेगार पुरते नमले नव्हते आणि घराचा धनी वर्षातला मोठा काळ मोहिमेवर असे.

पुणे ते बेंगळुरू हे अंतर आजच्या रस्त्याने ८४० किलोमीटरांच्या आसपास भरते. मेणे, डोल्या, सामानाचे बैल आणि सोबतीचे स्वार असा लवाजमा रोज पाच-सहा कोस चालला, तरी दीड-एक महिन्याचा हा प्रवास. मे १६४० मध्ये पुण्यात शिवाजीराजांचे लग्न फलटणच्या नाईक निंबाळकरांच्या सईबाईंशी झाले होते. ही मंडळी बेंगळुरूला किती काळ राहिली याविषयी साधने एकमताने बोलत नाहीत, आणि त्यांच्यातला फरक केवळ कालगणनेचा नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीला आपली बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद हा प्रसंग अगदी थोडक्यात सांगतो. पुणे परगण्यावर नेमलेला दादाजी कोंडदेव हा बेंगळुरूला महाराजांच्या भेटीस गेला आणि त्याच्याबरोबर शिवाजीराजे व जिजाबाई आऊ गेली, तेव्हा राजांना बारा वर्षे होती, असे तो म्हणतो. पुढच्याच वाक्यात त्यांची पुण्याला रवानगी होते. म्हणजे कारभारी आपल्या धन्याच्या भेटीस निघाला आणि त्याच्या सोबतीने बायको-मुलगा गेले! सभासदाच्या लेखी हे घरी जाणे नव्हते, भेटीला जाणे होते. परमानंद हा शिवाजीराजांच्या आश्रयाने लिहिणारा कवी. त्याच्या काव्यात पिता पुत्राकडे कौतुकाने पाहतो आणि योग्य काळ येताच त्याला पुण्याचे आधिपत्य देऊन सन्मानाने पाठवितो. दोघांचे एका गोष्टीवर मात्र एकमत आहे: मुलगा बारा वर्षांचा असताना तेथून निघाला. १६३० चा जन्म धरता हे साल १६४२ च्या आगेमागे येते.

त्या वाड्यात कोण कोण होते? थोरले पुत्र संभाजीराजे वडिलांजवळच वाढले होते आणि आता वयात येऊन मोहिमांत भाग घेऊ लागले होते. मोहित्यांच्या तुकाबाई आणि त्यांचा मुलगा एकोजी, ज्याला मराठी इतिहास व्यंकोजी म्हणतो, हेही तेथेच. व्यंकोजी शिवाजीराजांपेक्षा वर्षा-दोन वर्षांनी लहान. म्हणजे वाड्याची व्यवस्था लागलेली होती, मुदपाकखान्याच्या किल्ल्या कोणाच्या तरी कमरेला होत्या, नोकरमाणसे एका बाईच्या शब्दाला सरावलेली होती. अशा घरात थोरली सून नंतर येते, तेव्हा मान तिचा असतो आणि घर दुसरीचे असते; मराठी संसारात हे दृश्य कोणाला अपरिचित आहे? जिजाबाई सिंदखेडच्या लखुजी जाधवांची कन्या. वडील आणि भाऊ १६२९ मध्ये निजामशहाच्या दरबारात मारले गेले होते, त्यामुळे माहेरचा आधार तुटलेला. शिवनेरीवर बाळंतपण झाले ते नवरा धामधुमीत असताना. लग्नानंतरच्या पुष्कळशा वर्षांत त्यांच्या वाट्याला आले ते गड, तळ आणि दुसऱ्यांची ठाणी.

या मुक्कामात त्या दुखावल्या, असे कोणतेही समकालीन साधन सांगत नाही. ती पोकळी भरून काढली ती उत्तरकालीन बखरींनी. शहाजीराजांनी मुलाला विजापूरच्या दरबारात नेले, मुलाने बादशहाला मुजरा करण्याचे नाकारले, खाटकाला शासन केले, वडील चिंतेत पडले आणि अखेर त्याला आईसह पुण्याला पाठविले, ही कथा शाळकरी पुस्तकांतून सर्वांना पाठ आहे. सभासदाला ती ठाऊक नाही, परमानंदालाही नाही. दीडशे वर्षांनंतर लिहिणाऱ्यांना मुलाच्या निघून जाण्याला कारण हवे होते, आणि त्यांनी ते मुलाच्या तेजस्वी स्वभावात शोधले. कथा म्हणून ती सुंदर आहे. मात्र तिच्यामुळे जिजाबाई या प्रसंगातून जवळजवळ नाहीशा होतात. मुजरा न करणाऱ्या मुलाची आई, एवढेच काम त्यांना उरते.

जदुनाथ सरकारांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी शिवचरित्रात दुसऱ्या टोकाचे कारण दिले. शहाजीराजांचे मन धाकट्या पत्नीत गुंतले आणि थोरलीकडे व तिच्या मुलाकडे त्यांनी दुर्लक्ष केले, असे त्यांचे प्रतिपादन. महाराष्ट्रात यावर पुष्कळ कागद खर्ची पडले. त्या वादात 'राधामाधवविलासचंपू'तील एका स्थळाचे महत्त्व मोठे आहे. जिजाबाई बेंगळुरू सोडून गेल्याला दहा-बारा वर्षे लोटल्यानंतर त्याच सभेतला जयराम शहाजीराजांची पत्नी म्हणून जिजाबाईंचे नाव घेऊन त्यांची स्तुती करतो. चाफ्याशेजारी जाई शोभावी तशी ती राजाला शोभली असे म्हणतो. दरबारी कवी धन्याला अप्रिय असलेले नाव भर सभेत उच्चारीत नाही. तेव्हा सरकारांचा निष्कर्ष जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. पण स्तुती झाली ती ज्या सभेत, त्या सभेच्या घरात जिजाबाई नव्हत्या, हेही तितकेच खरे. मान शाबूत होता आणि सहवास नव्हता, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. सरदार घराण्यांत त्या नेहमीच नांदत.

मग कारण कोणते? शहाजीराजांनी मुलाबरोबर जी माणसे दिली, त्यांच्याकडे पाहिले म्हणजे थोडा उलगडा होतो. शामराव नीळकंठ पेशवे, बाळकृष्णपंत मुजुमदार, सोनोपंत डबीर, रघुनाथ बल्लाळ सबनीस, ही नावे सभासदाने दिली आहेत. 'शिवभारता'त हत्ती, घोडे, पायदळ, खजिना, ध्वज, अमात्य आणि अध्यापकही आहेत. रुसून निघालेल्या पत्नीच्या किंवा नकोशा झालेल्या मुलाच्या पाठीशी कोणी मुजुमदार आणि डबीर देत नाही. हे एका स्वतंत्र कारभाराचे सांगाडे आहेत: हिशेब, पत्रव्यवहार, लष्कराची हजेरी. शहाजीराजांना आपल्या बिऱ्हाडाची जात ठाऊक होती. बेंगळुरू आज आहे, उद्या नसेल. दोन मुलगे येथे; तिसऱ्याचे बस्तान पुण्यास बसले, तर एका ठिकाणचे फर्मान फिरले तरी घराणे दुसऱ्या ठिकाणी उभे राहील. शेतकरी जसे सगळे बी एका वावरात पेरीत नाही, तसा हा हिशेब. या हिशेबात कुटुंब एकत्र राहणे बसत नव्हते. जिजाबाईंनी आणि त्या मुलाने या मुक्कामाकडून जे काही योजिले असेल, त्यात वडिलांसह कायमचे घर असणे स्वाभाविकच होते. ते मात्र मिळाले नाही, आणि न मिळण्याला कोणाचा दोष होता असेही दाखविता येत नाही.

पुण्यात काय झाले ते सर्वश्रुत आहे. जेथे गाढवांचा नांगर फिरला होता तेथे सोन्याच्या फाळाचा नांगर फिरविल्याची कथा पुणेकर सांगतात. कसब्यात वाडा उठला, त्याला लाल महाल म्हणतात. तो शहाजीराजांच्याच जहागिरीत होता, म्हणजे कायद्याने पाहता हेही बिऱ्हाडच. पण पाया घालण्यापासून तो या माणसांसाठी बांधला गेला होता, त्यात कोणी आधी राहून गेले नव्हते. १६६० मध्ये शाइस्ताखान पुण्यात उतरला आणि त्याने नेमका याच वाड्यात तळ दिला. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजीराजे थोड्या माणसांनिशी तेथे शिरले, तेव्हा अंधारात त्यांना वाट विचारावी लागली नसेल. मूळ लाल महाल पुढे पडून गेला. आज पुण्यात दिसतो तो पुणे महानगरपालिकेने १९८८ मध्ये पुरा केलेला. गौरीमहालाच्या वाट्याला तेवढीही प्रतिकृती आली नाही.

इकडे बेंगळुरूच्या बिऱ्हाडाची अनिश्चितता लवकरच प्रत्ययास आली. २५ जुलै १६४८ रोजी जिंजीच्या वेढ्यात मुस्तफाखानाने शहाजीराजांना कैद करविले. त्याच वेळी विजापुराहून दोन फौजा निघाल्या: फत्तेखान पुरंदराकडे शिवाजीराजांवर, आणि फरहादखान बेंगळुरूवर. दोन्ही भावांनी आपापल्या ठिकाणी त्या परतविल्या. पण कैदेतल्या वडिलांच्या सुटकेची किंमत मागितली गेली ती घरांतच. शिवाजीराजांनी कोंढाणा द्यावा आणि संभाजीराजांनी बेंगळुरू सोडावे. मे १६४९ मध्ये सुटका झाली. पुढे बेंगळुरू पुन्हा शहाजीराजांकडे आले खरे, पण आपण कोणत्या अटीवर येथे राहतो हे त्या घरातल्या लहानथोरांना त्या दहा महिन्यांत पुरते समजले असेल. थोरले संभाजीराजे पुढे कनकगिरीच्या वेढ्यात पडले. वर्षे गेली, २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजांचा अंत झाला. तोही वाड्यात नव्हे, मोहिमेच्या मुलखात.

आता तेथे एकटे व्यंकोजीराजे राहिले. १६७५ च्या सुमारास त्यांनी तंजावर घेतले आणि मुक्काम तिकडे हलविला. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाला निघालेल्या शिवाजी महाराजांनी कोळ्ळिडम नदीकाठी तिरुमलवाडी येथे त्यांची भेट घेतली आणि वडिलार्जित मुलखाचा अर्धा वाटा मागितला. तेरा वर्षे तुम्ही एकट्याने सर्व अनुभविले, अशा आशयाचे त्यांचे पत्र प्रसिद्ध आहे. १६६४ पासूनची ही वर्षे त्यांनी मोजून ठेवली होती. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. काटेकोर अर्थाने या मुलखाला वडिलार्जित म्हणताच आले नसते. तो आदिलशहाच्या नेमणुकीचा होता आणि ती नेमणूक शहाजीराजांबरोबर संपली होती. शिवाजी महाराजांनी त्यावर भावाच्या नात्याने हक्क सांगितला, तेव्हा बादशहाचे धनीपण त्यांनी हिशेबातूनच काढून टाकले. परतीच्या वाटेवर कोलार, होसकोटे, बेंगळुरू, शिरे हा भाग त्यांनी घेतला. ज्या नगरातून बाराव्या वर्षी त्यांची पाठवणी झाली होती, ते आता त्यांच्या नावावर आले.

त्यांनी ते ठेवून घेतले नाही. परंपरेने जपलेल्या एकोणीस कलमांच्या तहनाम्यात बेंगळुरू आणि लगतची ठाणी व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना चोळी-बांगडीसाठी दिल्याचे कलम आहे. चोळी-बांगडी म्हणजे बाईचा स्वतःचा, नवऱ्याच्याही हिशेबाबाहेरचा खर्च. माहेरच्या माणसाने मुलीला जे द्यावयाचे ते दिराने भावजयीला दिले. व्यंकोजींनी चाकरी सोडल्यास किंवा वाटा उधळल्यास तो परत घेता आला असता. दीपाबाईंच्या नावचा मुलूख मात्र त्या वादाबाहेर राहावा, हा या कलमातील व्यवहारी भाग. पण ते लिहविणाऱ्याची आई, त्याच नगरात जिच्या नावावर एक खोलीही नव्हती, ती जिजाबाई तीन वर्षांपूर्वी रायगडाखाली पाचाडच्या वाड्यात वारली होती. हा वाडा महाराजांनी तिच्यासाठी बांधविला होता.

दीपाबाईंचे बेंगळुरू दहा वर्षे टिकले. तंजावरहून इतक्या दूरचे ठाणे राखणे परवडेना, तेव्हा म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयराशी तीन लाखांना विक्रीची बोलणी सुरू झाली. सौदा पुरा होण्यापूर्वीच १० जुलै १६८७ रोजी औरंगजेबाचा सरदार कासीमखान याने किल्ला घेतला आणि थोड्याच दिवसांत तो वोडेयराच्या हवाली केला. किंमत तीच, तीन लाख, फक्त पैसे घेणारा बदलला.

शहराच्या उत्तरेस, पूर्वी मल्लापूर म्हणत त्या गावी आणि आता मल्लेश्वरम या वस्तीत, काडु मल्लेश्वराचे देऊळ आहे. व्यंकोजीराजांनी १६६९ मध्ये या देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याचा शिलालेख तेथे आहे. भोसल्यांच्या पन्नास वर्षांच्या वास्तव्याची ती खूण कानडीत कोरलेली आहे.